तीन बदली विजय आणि वॉशिंग्टनचे विजेतेपद : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपण वेळ काढून सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभार. वॉशिंग्टन रेडस्किन्स, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमधला आजचा कमांडर्स संघ, याच्या १९८७ च्या हंगामावरील माझ्या लेखावर आपले तीन आक्षेप आहेत. त्या हंगामात लीगमधल्या खेळाडूंच्या संघटनेने संप केला, क्लबमालकांनी बदली खेळाडू उतरवले, आणि वॉशिंग्टनच्या बदली संघाने आपले तिन्ही सामने जिंकले. मी संपफोड्यांना नायक करून टाकले. त्यांचे तीन विजय वजा केले तर त्या विजेतेपदाला अर्थ उरत नाही. आणि संप ‘फसला’ एवढेच म्हणून मी मालकांची री ओढली. पहिल्या दोन आक्षेपांशी मी सहमत नाही. तिसरा मात्र मान्य आहे.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर आकड्यांत मिळते. हंगामाच्या दोन फेऱ्या झाल्यावर २२ सप्टेंबरला संप सुरू झाला, तिसऱ्या फेरीचे सामने रद्द झाले आणि पुढच्या तीन फेऱ्या मालकांनी बदली खेळाडूंकडून खेळवून घेतल्या. त्यामुळे १६ ऐवजी १५ सामन्यांचा हंगाम झाला. वॉशिंग्टनने त्यांतले ११ जिंकले आणि ४ गमावले. आता बदली खेळाडूंचे सामने पुसून टाकू. वॉशिंग्टनचे ८ विजय आणि ४ पराभव उरतात. हाच हिशेब गटातल्या इतरांना लावला तर फिलाडेल्फिया ७-५, सेंट लुईस आणि न्यूयॉर्क जायंट्स ६-६, तर डॅलस ५-७. म्हणजे पहिले स्थान वॉशिंग्टनकडेच राहते, फक्त एका सामन्याच्या फरकाने. पुढे बाद फेरीत शिकागोला त्यांच्याच मैदानावर, मिनेसोटाला घरी आणि ३१ जानेवारी १९८८ रोजी सॅन दिएगोत सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, डेन्व्हरला ४२-१० असे हरवले ते नियमित खेळाडूंनी. सुपर बोलच्या एकाच क्वार्टरमध्ये वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) डग विल्यम्स याने चार टचडाउन पास, म्हणजे थेट सहा गुण मिळवून देणाऱ्या फेकी, टाकल्या, आणि त्या पंधरा मिनिटांत वॉशिंग्टनने ३५ गुण केले. याला उसना विजय म्हणणे मला पटत नाही.

आता ‘संपफोडे’ या शब्दाविषयी. व्याख्येने तो बरोबर आहे, कारण संपावर गेलेल्यांच्या जागी जो कामाला उभा राहतो त्याला आपण हेच म्हणतो. तिकडे तर वॉशिंग्टनच्या बदली संघाला ‘स्कॅबस्किन्स’ (‘स्कॅब’ म्हणजे संपफोड्या) असे कुचेष्टेचे नावच पडले होते. तरीही संघटनेचा सदस्य असून ऐन संपात मैदानावर परतणारा, आणि सराव शिबिरातून नाव कापले गेल्यामुळे संघटनेच्या दारापर्यंत कधी पोहोचलाच नाही असा खेळाडू, यांना मी एका मापाने मोजणार नाही. डॅलसचे टोनी डॉर्सेट, रँडी व्हाइट आणि डॅनी व्हाइट पहिल्या प्रकारातले. वॉशिंग्टनचा मात्र एकही नियमित खेळाडू फुटला नाही.

म्हणूनच १९ ऑक्टोबरच्या सोमवारची रात्र मी लेखात इतकी रंगवली. संप चार दिवस आधीच, १५ ऑक्टोबरला, मागे घेतला गेला होता. पण बुधवारी दुपारी एकपर्यंत हजर झालेल्यांनाच त्या आठवड्यात खेळू द्यायचे, असा मालकांचा नियम होता आणि खेळाडू परतले गुरुवारी. त्यामुळे डॅलसच्या मैदानावर एका बाजूला नामांकित मंडळी आणि दुसऱ्या बाजूला निव्वळ बदली संघ, असा सामना झाला. त्यातच वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक एड रबर्ट याचा खांदा दुखावला. त्याच्या जागी आला टोनी रॉबिन्सन, टेनेसी विद्यापीठाचा एके काळचा तारा, जो अमली पदार्थांच्या गुन्ह्यातली शिक्षा भोगत असताना कामापुरती सवलत मिळवून खेळत होता. वॉशिंग्टनने सामना १३-७ असा जिंकला. (पटकथाकाराने असे लिहून आणले असते तर निर्मात्याने ते कागद परत केले असते.) या विजयाचे कौतुक करणे म्हणजे मालकांचे कौतुक करणे नव्हे. त्यांचा डाव प्रेक्षकांनी कसा घेतला हे आकडेच सांगतात : बदली सामन्यांच्या पहिल्याच रविवारी, ४ ऑक्टोबरला, वॉशिंग्टनच्या एरवी तिकीट न मिळणाऱ्या मैदानावर २७,७२८ लोक आले, आणि फिलाडेल्फियात ट्रकचालकांच्या संघटनेने दारे अडवल्यावर आत पोहोचले जेमतेम ४,०७४.

राहिला तिसरा आक्षेप. संपाची मुख्य मागणी पगारवाढीची नव्हती. करार संपल्यावर आपल्या पसंतीच्या क्लबकडे जाण्याचा हक्क खेळाडूंना हवा होता. कागदावर तो होता. पण नव्या क्लबने बोली लावली तर तेवढीच रक्कम देऊन जुन्या क्लबला खेळाडू आपल्याकडेच ठेवता येई, आणि त्याने ती सोडून दिलीच तर नव्या क्लबला निवड फेरीतले (दरवर्षी महाविद्यालयीन खेळाडू निवडण्याचे) आपले हक्क भरपाई म्हणून द्यावे लागत. शिकागोचा विल्बर मार्शल १९८८ मध्ये याच वॉशिंग्टनने घेतला तेव्हा पहिल्या फेरीतल्या दोन निवडी मोजाव्या लागल्या. अशा भावात किती खेळाडूंना गिऱ्हाईक मिळणार? २४ दिवसांत हे बदलले नाही, हे खरे. परंतु जीन अपशॉ यांच्या नेतृत्वाखालील संघटनेने लढा न्यायालयात नेला, १९८९ मध्ये सामूहिक वाटाघाटीचा आपला दर्जाच सोडून देऊन मालकांना मक्तेदारीविरोधी कायद्यापासून वाचवणारे कवच काढून घेतले, १९९२ मध्ये मिनिआपोलिसच्या ज्यूरीने फ्रीमन मॅक्नील या खेळाडूच्या खटल्यात खेळाडूंच्या बाजूने कौल दिला आणि १९९३ पासून खुल्या बाजाराचा हक्क प्रत्यक्षात आला. या साऱ्याला मी लेखात एकही ओळ दिली नाही. मैदानावरची गोष्ट सांगण्याच्या भरात कोर्टातली गोष्ट राहून गेली, ही माझी चूक.

‘नायक’ हा शब्द मात्र मी तसाच ठेवतो आहे. त्या बदली खेळाडूंना विजेतेपदाची अंगठी मिळायला २०१८ साल उजाडले. तेव्हा माझ्या एका शब्दाने त्यांना फार काही जास्त मिळाले, असे मला वाटत नाही. ‘संप फसला’ हे वाक्य काढून त्या जागी वरचा परिच्छेद आज मूळ लेखात घालतो.