‘थांबा, नवी थार येतेय’ : सोलापुरात फिरणाऱ्या मेसेजची चिरफाड

सोलापूर, मोहोळ, मंगळवेढ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर महिंद्राच्या थार या ऑफ-रोड गाडीबद्दल एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा : ‘आत्ता थार घेऊ नका. नव्या पिढीची थार येतेय. चासी जाणार, मोनोकॉक बॉडी येणार, त्यामुळे फोर-लो गिअर बंद. पाच दरवाजे, सात सीट, तरी चार मीटरच्या आत. 33 इंची टायर कंपनीतूनच. 800 मिलिमीटर पाण्यातून जाणार. 4x4 डिझेल फक्त 9.99 लाखात. 2027 पासून डिझेलवर बंदी, जुन्या थारला कुत्रं विचारणार नाही.’ सोबत सावळेश्वर टोलनाक्याजवळ टिपलेला म्हणून काळ्या-पांढऱ्या नक्षीत गुंडाळलेल्या गाडीचा फोटो, आणि शेवटी ‘11 हजारात बुकिंग’ची लिंक.

लिंकचं आधी उरकू. जी गाडी कंपनीने जाहीर केलेली नाही, तिचं अधिकृत बुकिंग असूच शकत नाही. पैसे भरू नका.

आता फोटो. हा पुणे-हैदराबाद महामार्ग आहे, चाचणीची झाकलेली गाडी इथे दिसली तर नवल नाही. पण ‘झाकलेली म्हणजे नव्या पिढीची’ हे कुठून आलं? सुट्या भागांच्या चाचणीलाही गाड्या झाकून फिरवतात. गाडी कोणती हे ओळखायला टेप लागत नाही, फोटोतलं चाकच मोजपट्टी असतं. अट एकच, फोटो बरोबर आडव्या बाजूने काढलेला हवा. तीन दरवाजांच्या थारचा 255/65 आर18 टायर उभा मोजला तर सुमारे 789 मिलिमीटर भरतो. पाच दरवाजांच्या थार रॉक्सचा 255/60 आर19 सुद्धा तेवढाच. थारचा व्हीलबेस 2450 मिलिमीटर, रॉक्सचा 2850. म्हणजे दोन्ही चाकांच्या मध्यांमधलं अंतर टायरच्या उंचीच्या 3.1 पट आलं तर लहान थार, 3.6 पट आलं तर रॉक्स. मेसेजमधल्या फोटोवर पट्टी ठेवली तर उत्तर 3.6 च्या आसपास येतं. रॉक्स तर 2024 च्या ऑगस्टमध्येच बाजारात जाहीर झालीय. मागच्या बंपरखालून डिफरन्शियलचा (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा) गोळाही लोंबताना दिसतोय, म्हणजे मागे दोन्ही चाकांना जोडणारा सरळ एक्सल आहे. ज्या मोनोकॉकचा (वेगळा सांगाडा नसलेल्या एकसंध बॉडीचा) पुरावा म्हणून हा फोटो दिलाय, त्यात तो असा दिसण्याची शक्यता फारच कमी.

‘चासी जाणार, म्हणून फोर-लो जाणार.’ चासी किंवा लॅडर फ्रेम म्हणजे बॉडीखालचा वेगळा सांगाडा, आणि फोर-लो म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर. मेसेजमधला हा सगळ्यात वजनदार दावा आहे, आणि त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टींची भेळ झालीय. मूळ बातमी खरी आहे. 15 ऑगस्ट 2025 ला महिंद्राने मुंबईत एनयू-आयक्यू नावाचा नवा मोनोकॉक प्लॅटफॉर्म आणि त्यावरच्या चार संकल्पना-गाड्या दाखवल्या. त्यातली व्हिजन-टी दिसायला थारच्या घरातली वाटते. उत्पादन 2027 पासून, असं तेव्हा सांगितलं गेलं. पण ती लॅडर फ्रेमच्या थारची जागा घेणार, असं कंपनी म्हणालेली नाही. त्याआधी 2023 च्या 15 ऑगस्टला केप टाउनमध्ये विजेवरची थार-ई दाखवली, तेव्हाही असेच मेसेज फिरले होते. त्यानंतर बाजारात काय आलं? लॅडर फ्रेमवरची रॉक्स, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच जुन्या सांगाड्यावर नवा स्क्रीन, दारावर आलेली काचांची बटणं आणि आतून उघडणारं डिझेलचं झाकण घेऊन आलेली तीन दरवाजांची थार.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मोनोकॉक आला की फोर-लो जातो, हा नियमच नाही. नवी लँड रोव्हर डिफेंडर ॲल्युमिनियमच्या मोनोकॉकवर आहे, तिला दोन गतींचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी, तिच्यातच लो-रेंज असतो) आहे आणि कंपनी 900 मिलिमीटर पाण्याचा आकडा देते. फोर-लो मिळणार की नाही, हे जास्त करून इंजिन कसं बसवलंय त्यावर ठरतं. इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने असेल तर गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस सरळ जोडता येतो. इंजिन आडवं बसवून पुढची चाकं ओढायची रचना असेल, तर दोन गतींचा ट्रान्सफर केस बसवायला सहसा जागा राहत नाही. मग कंपन्या बहुतेकदा पहिला गिअरच खूप छोटा करतात. जीप कंपास ट्रेलहॉकच्या बटणावर ‘फोर-लो’ लिहिलंय, पण आत वेगळा लो-रेंज नाही. नऊ गिअरच्या पेटीतला पहिला गिअर 20:1 पर्यंत कमी केलाय, एवढंच. म्हणून उद्या नवी गाडी आली तर ‘मोनोकॉक का?’ विचारण्याआधी बॉनेट उघडून इंजिन उभं की आडवं ते बघा.

आणि आपल्याकडे फोर-लो नेमका कुठे लागतो? मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पहिल्या पावसानंतर पाणंदीत गाडी रुतते, ती लो-रेंज नाही म्हणून नाही. काळी माती भिजली की फुगते, टायरच्या खाचांत लिंपून बसते, आणि पाच-सहा फेऱ्यांत ऑल-टेरेन टायर गुळगुळीत गोट्यासारखा होतो. तिथे फोर-लोचा पहिला गिअर टाकून ॲक्सिलेटर दाबला की चाक जागच्या जागी फिरतं आणि खड्डा खणतं. चिखलात बऱ्याचदा फोर-हाय (चारही चाकं, पण लो-रेंजशिवाय) आणि दुसरा गिअर बरा, थोडा वेग धरून, न थांबता. चाक एवढं फिरू द्यायचं की खाचांतली माती फेकली जाईल, त्यापेक्षा जास्त नाही. त्याआधी टायरची हवा 18 ते 20 पीएसआयवर आणा. 15 च्या खाली गेलात तर वळणावर टायर रिमवरून सुटू शकतो. डांबरीवर येण्याआधी हवा परत भरा आणि टू-हायवर (फक्त मागच्या चाकांवर) या. पार्ट-टाइम 4x4 ला मधला डिफरन्शियल नसतो, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर वळताना पुढचा-मागचा एक्सल एकमेकांशी झगडतात, शाफ्टमध्ये ताण भरतो आणि लिव्हर अडकतो. अडकलाच तर दोन-चार मीटर सरळ रिव्हर्स घ्या, सुटतो. हातोडी मारू नका.

फोर-लोची खरी गरज कॅनॉलचा खडा भराव चढता-उतरताना, दगडी ओढा पार करताना, किंवा दुसऱ्याची रुतलेली गाडी ओढताना. थारच्या ट्रान्सफर केसचा लो-रेंज 2.48:1 आहे, म्हणजे इंजिनाचा तोच जोर चाकावर अडीच पट होऊन पोचतो आणि वेग तितकाच उतरतो. गाडी थांबवून, क्लच दाबून, ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रलला आणून लिव्हर टाकायचा. (नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा गवताळ माळ ही ऑफ-रोडची जागा नव्हे. तिकडे गाडी घालू नका.)

‘पाच दरवाजे, सात सीट, चार मीटरच्या आत.’ आजची तीन दरवाजांची थार 3985 मिलिमीटर आहे, मर्यादेपर्यंत 15 मिलिमीटर शिल्लक. दोन दरवाजे वाढवायला रॉक्सची लांबी 4428 करावी लागली, तीही पाच सीटची. तिसरी रांग कुठे, बॉनेटवर? लांबीची किंमतही मोजावी लागते. थारचा पोट न घासता उंचवटा ओलांडण्याचा कोन 27 अंश आहे, रॉक्सचा 23.9. शेताच्या बांधावर हा फरक लगेच ऐकू येतो.

‘4x4 डिझेल 9.99 लाखात.’ इथे साधा हिशोब पुरेसा आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेलला 18 टक्के जीएसटी, बाकी मोठ्यांना 40 टक्के. ऑक्टोबर 2025 मध्ये 9.99 लाखाला सुरू झालेली थार 1497 सीसीची, फक्त मागच्या चाकांवर चालणारी आहे. तिच्यातून कर वजा केला तर सुमारे 8.47 लाख उरतात. 4x4 डिझेलचं इंजिन 2184 सीसीचं, कर 40 टक्के. ती 9.99 ला द्यायची तर करापूर्वीची किंमत 7.14 लाख हवी. म्हणजे मोठं इंजिन, ट्रान्सफर केस, पुढचा डिफरन्शियल आणि जादा शाफ्ट देऊनही मागच्या चाकांवरच्या थारपेक्षा 1.33 लाखाने स्वस्त! एमएच-13 च्या पासिंगचा रोड टॅक्स आणि विमा अजून धरलेलाच नाही.

‘33 इंची टायर.’ आत्ताचा टायर सुमारे 31 इंचांचा आहे. 33 घातला तर गाडी फक्त 25 मिलिमीटर उचलली जाते, पण गिअर सहा टक्क्यांनी उंच होतो, काटा 100 दाखवताना गाडी 106 ने पळते, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतल्या प्लास्टिकला घासण्याची शक्यता असते, आणि मागच्या दारावर लटकणारी जड स्टेपनी बिजागऱ्या खाते. हे सगळं टायरच्या दुकानात जाऊन करणाऱ्यांनाही लागू आहे. शिवाय मंजूर मापाबाहेरचा टायर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात आडवा येतो.

‘800 मिलिमीटर पाणी.’ आजचा आकडा 650 आहे, थार आणि रॉक्स दोन्हींचा. तो स्थिर पाण्यात, हळू चालवताना आहे, वाहत्या ओढ्यात नव्हे. 2025 च्या सप्टेंबरात सीनेच्या पुराने या जिल्ह्यात काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. साठ सेंटिमीटर वाहतं पाणी बहुतेक गाड्या, एसयूव्हीसकट, वाहून नेऊ शकतं. तिथे 650 असो वा 800, आकड्याला अर्थ नाही. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं.

स्थिर पाण्यातही मोजायची खूण चाकावरच आहे. चाकाचा मध्य जमिनीपासून साधारण 39 सेंटिमीटरवर येतो. पाणी त्याच्यावर गेलं की डिफरन्शियल बुडाला. तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. म्हणून आधी पाच-दहा मिनिटं थांबून गाडी निवू द्या, आणि ब्रीदरची (डिफरन्शियलमधली हवा आत-बाहेर करणारी) नळी तुंबलेली नाही ना ते बघा. स्नॉर्कल लावला म्हणून यातलं काही टळत नाही, तो फक्त इंजिनाची हवा वर घेतो. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. सिलेंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून बाहेर काढा, एअर फिल्टरची पेटी उघडा, ओली निघाली तर गॅरेजमध्ये ग्लो-प्लग काढून सिलेंडरमधलं पाणी बाहेर काढल्याशिवाय इंजिन फिरवू नका. बाहेर आल्यावर दोन्ही डिफरन्शियल, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्सचं ऑइल तपासा. ताकासारखं पांढरट दिसलं तर त्याच दिवशी बदला.

‘2027 पासून डिझेलबंदी.’ याचं मूळ 2023 मध्ये गाजलेल्या, पेट्रोलियम मंत्रालयाने नेमलेल्या समितीच्या शिफारशीत आहे : दहा लाखांवर लोकसंख्येच्या आणि जास्त प्रदूषित शहरांत 2027 पर्यंत डिझेलच्या चारचाकी बंद कराव्यात. सरकारने ती स्वीकारलेली नाही, असं मंत्रालयाने तेव्हाच सांगितलं. शिफारस म्हणजे कायदा नव्हे. आणि 2011 च्या जनगणनेत सोलापूर शहर 9 लाख 51 हजारांचं होतं.

डिझेल घेताना खरा विचार वेगळा करायला हवा. जुळे सोलापूर ते सात रस्ता एवढंच रोजचं फिरणं असेल तर बीएस-6 डिझेलची काजळी अडवणारी जाळी तापत नाही, काजळी जळत नाही आणि डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा पेटतो. दिवा पेटला की गाडी महामार्गावर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये, इंजिनाचे फेरे मिनिटाला दोन हजाराच्या वर ठेवून वीसेक मिनिटं चालवावी. दर महिन्याला हे करावं लागत असेल तर तुम्हाला पेट्रोल हवंय.

‘जुन्या थारला कुत्रं विचारणार नाही’ असं म्हणणारा कधीकधी तीच जुनी थार भाव पाडून मागायला आलेला असतो. विकत घेणारे तुम्ही असाल तर गालिचा उचलून खालची माती बघा, सीटच्या रुळांवर गंज बघा, फोर-लो टाकून दहा मीटर चालवून बघा, आणि मागच्या डिफरन्शियलचा ऑइल-बोल्ट उघडायला सांगा. विकणारा बोल्ट उघडू देत नसेल तर दुसरी गाडी बघा.