कोटभर लोक गोव्यात येतात, मग गैरसमज जात का नाहीत?

नमस्कार,

प्रवासाने पूर्वग्रह ढिले होतात, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुमचा आक्षेप असा, की कळंगुटला खोल्या भाड्याने देताना तुम्हाला वर्षानुवर्षं उलटंच दिसतंय. माणसं गोव्याचं चित्र डोक्यात घेऊनच उतरतात, चार दिवस तेवढंच बघतात आणि ते आणखी पक्कं करून परततात. शिवाय फिरणं ही पैसेवाल्यांची चैन, तिचं कौतुक कशाला, असंही तुम्ही विचारलंय.

तुमचं निरीक्षण मान्य, निष्कर्ष नाही. वर्षाला कोटीच्या घरात पर्यटक येतात आणि २०११च्या जनगणनेत आपण सगळे मिळून साडेचौदा लाख होतो. नुसत्या येण्याजाण्याने काही होणार असतं, तर गोव्याबद्दल देशात एकही गैरसमज उरला नसता.

पण तो का उरतो ते बघा. 'गोव्यात बहुतेक सगळे ख्रिश्चन' हे वाक्य तुम्हीही शेकडो वेळा ऐकलं असेल. त्याच जनगणनेत हिंदू ६६ टक्के आणि ख्रिश्चन २५ टक्के आहेत. गोव्यात राहून गेलेल्यालाही हे कळत नाही, याचं कारण त्याच्या वाटेत आहे. बागा, कळंगुट, हणजूण हे किनारे बार्देशात. कोलवा, बाणावली सासष्टीत. तिसवाडीबरोबर हे तालुके सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेले. देवळं पाडली, चर्च उभी राहिली. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा यांना भक्तांनी अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे, आणलं, कारण तिथे तेव्हा पोर्तुगिजांची सत्ता नव्हती. फोंडा, डिचोली, सत्तरी हा मुलूख त्यांच्या हाती लागला तो अठराव्या शतकात. म्हणजे तुमचा पाहुणा चार दिवस ज्या पट्ट्यात फिरतो, तिथे त्याला पावलोपावली खुरीस, म्हणजे क्रूसच, दिसणार. तो खोटं काही बघत नाही.

आता माझ्या बाजूची गंमत. मी फोंड्यात राहतो. इथे कोल्हापूर-सांगलीकडून कुलदैवताला गाड्या येतात. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे इथली देवळं, देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या निवासात, जेवण, की परत. त्यांच्यातले कितीतरी जण 'खरा गोवा हा, बाकी सगळं पोर्तुगिजांचं' असं म्हणत गाडीत बसतात. तुमचे पाहुणे आणि हे भाविक यांची आपसात गाठ घालून द्यावी, असं मला कधीकधी फार वाटतं.

दोघांनाही इथल्या कुणाला काही विचारायची वेळच येत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं, की दोन समाजांची माणसं समोरासमोर आल्याने पूर्वग्रह कमी होतात, पण त्याला अटी आहेत: दोघं बरोबरीचे हवेत, दोघांना मिळून काही साधायचं असावं, त्यासाठी एकमेकांची गरज लागावी आणि वरच्यांचाही त्याला पाठिंबा असावा. खोलीचे पैसे देणारा आणि चावी देणारा यांच्यात यातलं काय असतं? शिवाय गिऱ्हाईकाला कुणी दुरुस्त करत नाही. तो जो गोवा मागतो तोच त्याला विकला जातो. मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटी त्याच हिशेबाने उभ्या आहेत.

चैनीचा मुद्दा मला मुळीच पटत नाही. गोव्यातून पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडले ते तारवटी (बोटीवरचे खलाशी), स्वयंपाकी, वाजंत्री. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावागावांचे कूड, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक राहण्याच्या जागा, होते; पोटासाठी गेलेला माणूस तिथे आपल्याच गाववाल्यांत उतरायचा. निव्वळ कुडातच राहिला असता तर त्याला मुंबई कळली नसतीच. पण कामावर जावं लागे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपटसंगीतात गेले, तिथे व्हायोलिन शिकायला त्यांच्याकडे प्यारेलाल (लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले) आले. पुढे गोन्साल्विसांनी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणणाऱ्या रचना केल्या. त्या खोलीत कोण गिऱ्हाईक होतं? मी ज्याला प्रवास म्हणतो तो हा. सहलीला मी त्या लेखातही प्रवास म्हटलेलं नाही.

(आणि आपणही काही कमी नाही. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली, म्हणजे भाड्याची, स्कूटर दिसली की वर कोण बसलंय ते न बघताच आपण 'घाटी', म्हणजे घाटापलीकडचा बाहेरचा माणूस, म्हणून मोकळे होतो.)

'मग माझ्या पाहुण्यांना सांगू काय, फोंड्याला जा?' असं तुम्ही खवचटपणे विचारलंय. नको. एसी गाडीतून अर्ध्या तासाचं दर्शन म्हणजे दुसरी सहल. त्यापेक्षा ईस्टरनंतर पंधराएक दिवसांनी, सोमवारी, म्हापशात मिलाग्रिस सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, फेस्त (चर्चचा उत्सव) असतं, तिकडे पाठवा. कळंगुटहून बसने फार तर अर्धा तास. शिरगावची लईराई देवी ही सायबिणीची बहीण, अशी लोकांची श्रद्धा आहे, त्यामुळे रांगेत तेल घेऊन हिंदूही उभे असतात. तिथे पाहुण्याला शेजारच्याला विचारावंच लागेल, की हे तेल कशासाठी. थोडा लांब जायला तयार असेल, तर शिगम्यात फातर्प्याहून कुंकळ्ळीला येणारी छत्र्यांची मिरवणूक आहे. कुंकळ्ळीच्या बारा वांगडांतल्या, म्हणजे मूळ कुळांतल्या, ख्रिश्चन घराण्यांचाही तिच्यात मान असतो. फक्त त्याला स्कूटर देऊ नका, बसने पाठवा. बस चुकली तर आणखी बरं, कुणालातरी विचारेल.