साडेतीन हजारांचं मूल आणि सोळा तासांचा शिक्षक

समावेशित शिक्षणाचा, म्हणजे दिव्यांग मुलांनी नेहमीच्या शाळेतच शिकण्याचा, विषय निघाला की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "माझ्या पोराच्या नावावर वर्षाला साडेतीन हजार येतात म्हणे, ते जातात कुठे?" प्रश्न रास्त आहे, त्यामागचा समज मात्र चुकीचा. 'समग्र शिक्षा' या केंद्र आणि राज्य सरकारच्या शालेय शिक्षण योजनेत दर दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत ही आराखडा करतानाची मर्यादा आहे, मुलाच्या खात्यावर यायची रक्कम नव्हे. साहित्य साधनं, ब्रेल आणि मोठ्या अक्षरांची पुस्तकं, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, वाचक भत्ता, फिजिओथेरपी अशा बाबींवर ती वाटली जाते. कुणाला ब्रेल किट लागतं, कुणाला फक्त रिक्षाचे पैसे लागतात, त्यामुळे सगळ्यांना सारखं काही मिळत नाही आणि मिळूही नये. याशिवाय खात्यात थेट येतो तो दिव्यांग मुलींचा प्रोत्साहन भत्ता: दरमहा २०० रुपये, वर्षातले दहा महिने. पैसा केंद्र सरकारचा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के.

म्हणजे चारशे मुलांचा तालुका धरला (आकडा फक्त हिशोबासाठी घेतलाय), तर कमाल मर्यादा होते १४ लाख. या चौदा लाखांवरून आपल्याकडे भांडणं होतात. आराखडा तयार होताना त्यात काय मागितलं, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की घोळ तिथेच होतो. आराखडा मुलांच्या डोक्यांवर बांधला जातो. तो शिक्षकाच्या तासांवर बांधायला हवा.

आधी डोक्यांचं बघू. शाळा युडायस प्लस या सरकारच्या ऑनलाइन शाळा-नोंदणीत माहिती भरते, त्यासाठी ३० सप्टेंबर ही संदर्भ तारीख. त्या माहितीवर गट साधन केंद्र, म्हणजे शाळांना मदत करणारं तालुक्याचं कार्यालय, तालुक्याची मागणी काढतं, ती जिल्ह्याला जाते, जिल्ह्याची मुंबईला महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडे, राज्याचा आराखडा दिल्लीला प्रकल्प मान्यता मंडळापुढे, म्हणजे सगळे ज्याला पीएबी म्हणतात तिथे. पीएबीच्या इतिवृत्तात जी बाब नाही, तिच्यावर वर्षभर एक रुपया खर्चता येत नाही. त्यामुळे शाळेतल्या संगणकावर बसून एका शिक्षकाने घाईत केलेली एक टिक पुढचं अख्खं वर्ष ठरवते.

आणि ती टिक चुकते. चष्मा लागलेलं मूल अल्पदृष्टी म्हणून चढतं. वाचन कच्चं असलेलं मूल बौद्धिक अक्षम म्हणून चढतं, नाहीतर उलट, खरोखर बौद्धिक अक्षम असलेलं मूल 'अभ्यासात मागे' म्हणून कुठेच चढत नाही. अध्ययन अक्षमतेचा घोळ सगळ्यात मोठा, कारण तिचं प्रमाणपत्र आठ वर्षांखालच्या मुलाला मिळत नाही, आणि पहिली-दुसरीत गाडी अडलेली असते. मग अनेक ठिकाणी 'प्रमाणपत्र नाही' किंवा '४० टक्के भरत नाही' म्हणून नावच काढतात. हे साफ चूक आहे. ४० टक्क्यांची अट कायद्यातल्या लक्षणीय दिव्यांगत्वाला (बेंचमार्क डिसॅबिलिटी) आहे. ६ ते १८ वयाच्या मोफत शिक्षणाचं, दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम ३१ तिच्यावर चालतं, पण शाळेत आधार मिळायला ती अट नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत, त्यातल्या कुठल्याही मुलाला समग्र शिक्षेत जागा आहे. एनसीईआरटीचं 'प्रशस्त' ॲप याच कामासाठी, म्हणजे अशी मुलं शाळेतच ओळखण्यासाठी आलं: पहिला भाग वर्गशिक्षक भरतो, दुसरा विशेष शिक्षक. पहिला भाग भरून दुसरा तसाच पडून राहिला तर त्या भरण्याला काही अर्थ उरत नाही.

आपल्या नाशिक जिल्ह्याची आणखी एक गोची आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरची कुटुंबं दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या कामाला उतरतात. सप्टेंबरच्या मोजणीत मूल पाड्यावरच्या शाळेत, डिसेंबरात द्राक्षबागेच्या शेडवर. साहित्य वाटप जानेवारी-फेब्रुवारीत निघालं की मूल मोजणीच्या गावात नसतंच. मग तिकडे शिल्लक, इकडे कमतरता. गट साधन केंद्रांनी ऑक्टोबरातच स्थलांतर करणाऱ्या दिव्यांग मुलांची वेगळी यादी दिंडोरी आणि निफाडला द्यायला काय हरकत आहे? एक पान लागतं.

आता तासांकडे येऊ.

केंद्र म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट. एका केंद्रात साधारण बारा शाळा धरा, त्यात ३४ मुलं, पैकी चार इतकी तीव्र की ती घरीच शिकतात. गृहाधारित शिक्षणाला २०१२ च्या दुरुस्तीपासून शिक्षण हक्क कायद्यात जागा आहे, तेव्हा त्यांना सोडता येत नाही. विशेष शिक्षक एक. आठवड्याचे सहा दिवस. एक दिवस गट साधन केंद्रात बैठक आणि माहिती भरण्यात जातो. एक दिवस त्या चार घरांचा. उरले चार. दिवसाला दोन शाळा म्हटलं तरी आठवड्यात आठ शाळा होतात, म्हणजे प्रत्येक शाळेची पाळी दीड आठवड्याने. शाळेत सरासरी अडीच मुलं आणि दोन-अडीच तासांची भेट. त्यातला वर्गशिक्षकाशी बोलण्याचा आणि नोंदींचा वेळ वजा केला की मुलाच्या वाट्याला येतात चाळीस मिनिटं. २२० दिवसांचं वर्ष म्हणजे सुमारे ३६ कामाचे आठवडे, चोवीस भेटी. चोवीस गुणिले चाळीस मिनिटं म्हणजे सोळा तास.

वर्षाला सोळा तास! तेही सर्वेक्षण, प्रशिक्षण, शिबिरं आणि सुरगाण्याचा जुलैमधला पाऊस वजा न करता. जुलै-ऑगस्टात फरशी पुलावरून पाणी गेलं की दोन शाळांचा दिवस एका शाळेचा होतो, कधी एकाही नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक-माध्यमिकला पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठेवलं. ३४ मुलांना त्या हिशोबाने किमान तीन लागतात. २०२४ मध्ये राज्याने केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांची पदं मंजूर केली, म्हणजे केंद्राला एक. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्या माणसांसाठी हे पाऊल मोठं आहे, त्यात वाद नाही. पण गणित वर मांडलंय तेच राहतं.

शिवाय 'विशेष शिक्षक' हा एकच प्रकार नसतो. पदविका श्रवण, दृष्टी, बौद्धिक अशा वेगवेगळ्या अक्षमतांची. श्रवणदोषाचं शिक्षण घेतलेल्या बाईंना ब्रेल येईलच असं नाही. केंद्रात अंध मूल आहे आणि शिक्षक बौद्धिक अक्षमतेचे, असं झालं की भेट होते, रजिस्टरला सही होते, शिकवणं होत नाही. यावर उपाय फुकटचा आहे: तालुक्यातल्या सगळ्या विशेष शिक्षकांचं मिळून एक वेळापत्रक करायचं आणि ब्रेलच्या मुलांपुरती केंद्राची हद्द सोडायची. मालेगावात यावर भाषेचाही थर आहे. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी माध्यमाचा शिक्षक पाठवला की भाषा-वाचेचं काम जवळपास शून्यावर येतं.

वेळापत्रक आधी बनलं की पैसा कुठे लागतो ते आपोआप दिसतं. सोळा तासांत काम भागत नाही म्हणजे उरलेलं वर्गशिक्षक आणि घरचे करणार. मग त्यांच्या प्रशिक्षणाची बाब आराखड्यात हवी. एकदा सभागृहात बसवून दिलेलं भाषण नको, त्या मुलाच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यावर वर्गात बसून केलेलं काम हवं. आपल्याकडे हे आराखडे एकमेकांवरून उतरवलेले असतात. 'वाचन सुधारणे' हे उद्दिष्ट नाही. 'दिवाळीपर्यंत वीस परिचित शब्द चित्राशिवाय वाचणे' हे उद्दिष्ट आहे, कारण दिवाळीला ते तपासता येतं.

साहित्याचीही हीच तऱ्हा. श्रवणयंत्राचंच बघा. ॲलिम्को या दिव्यांगांची साधनं बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या शिबिरात आधी तपासणी होते, काही महिन्यांनी वाटप, फोटो निघतो, विषय संपला. कानामागच्या यंत्राला कानाच्या मापाचा मोल्ड लागतो. मोल्ड सैल असला की आवाज गळतो, यंत्र शिट्टी मारतं, वर्गातली पोरं हसतात आणि मूल यंत्र काढून दप्तरात टाकतं. मुलाचा कान वाढतो, त्यामुळे लहान वयात मोल्ड वर्षातून एकदा तरी, कधी सहा महिन्यांनीच, नवा करावा लागतो. बटण सेल रोजच्या वापरात एक ते तीन आठवड्यांत संपतो. पावसाळ्यात ओल धरली की नळीत पाणी साचतं. म्हणजे एका यंत्रामागे वर्षाला निदान पंचवीस-तीस सेल, एक-दोन मोल्ड, नळी बदलणं आणि ओल शोषणारी डबी एवढं लागतं. मागणीत यंत्रांची संख्या असते, सेल आणि मोल्ड नसतात. मग ऑगस्टात दिलेलं यंत्र ऑक्टोबरात कपाटात जातं आणि नोंदीत मूल 'लाभार्थी' राहतं. व्हीलचेअरचंही तेच, मोठ्यांच्या मापाची खुर्ची आठ वर्षांच्या पोराला देऊन काय साधतं? बारा वर्षांखालच्या मुलाला एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेत एका वर्षाने पुन्हा साधन घेता येतं, मोठ्यांना तीन वर्षं थांबावं लागतं. ही सवलत मुलं वाढतात म्हणूनच ठेवलीय. ती मागणारी शाळा मला क्वचित दिसते.

मुलांच्या तपासणी शिबिराला गटस्तरावर, म्हणजे तालुक्यामागे, वर्षाला १०,००० रुपये आहेत. शंभर मुलं, सोबत एकेक पालक, म्हणजे दोनशे ताटं. ताट चाळीस रुपयांचं धरलं तरी आठ हजार गेले. उरल्या दोन हजारांत पेठच्या पाड्यांवरून गाड्या कशा आणायच्या? म्हणून शिबिराला रस्त्याकडेच्या गावांतली मुलं येतात आणि ज्यांना खरी गरज ती राहून जातात. तालुक्याला एक मोठं शिबिर करण्यापेक्षा ग्रामीण रुग्णालयाच्या ठरलेल्या दिवशी तीन-चार केंद्रांची मुलं नेणं स्वस्त पडतं, कारण डॉक्टर, खोली आणि यंत्रं तिथेच असतात. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज त्याआधी शाळेतच ऑनलाइन भरून ठेवायचा, नाहीतर त्या कामासाठी पालकाची दुसरी खेप आणि दुसरी मजुरी बुडते.

पैसा उशिरा येतो हे खरंच आहे. वर्ष एप्रिलला सुरू, शाळा जूनला, मंजुरी आणि हप्ते त्यामागून, आणि ३१ मार्चला सगळं खर्चून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं. मधल्यामध्ये जून-जुलैचा प्रवास भत्ता फेब्रुवारीत जमा झाला तर त्याचा उपयोग काय? ज्याला रिक्षाचे पैसे परवडत नव्हते ते मूल ऑगस्टातच घरी बसलेलं असतं. ज्यांच्या खात्याला आधार जोडलेलं नाही किंवा व्यवहार नसल्याने जे खातं बंद पडलंय, त्यांचे पैसे परत फिरतात. पाच आणि पंधरा वर्षांना आधारचे ठसे अद्ययावत करावे लागतात, हे दिव्यांग मुलाच्या बाबतीत हमखास राहतं, कारण आधार केंद्रावर नेणंच अवघड असतं. मुख्याध्यापकांनी जूनमध्ये खात्यांची यादी तपासली तर फेब्रुवारीतली निम्मी धावपळ वाचेल.

रॅम्पबद्दल थोडक्यात, कारण तो सगळ्यांना दिसतो आणि तरी कुणी मोजत नाही. उतार एकास बारा. जोतं दोन फूट उंच असेल तर रॅम्प चोवीस फूट लांब हवा, रुंदी किमान चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा. आपल्या कितीतरी शाळांत तो आठ फुटांत उरकलेला आहे, म्हणजे एकास चार. त्यावरून खुर्ची ढकलणारा मोठा माणूसही घसरेल. तपासणीच्या फॉर्मवर मात्र 'रॅम्प: आहे'.

समग्र शिक्षेबाहेरचा पैसाही आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. गोंदे, मुसळगावसारख्या कारखानदारीच्या गावांत त्यातून श्रवणयंत्रांचे सेल आणि मोल्ड सहज निघतील. सुरगाण्याच्या ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नच नाममात्र, तिथे पाच टक्क्यांत रॅम्पचं सिमेंटही येणार नाही. म्हणून जिल्हा परिषदेने आपल्या पाच टक्क्यांतला मोठा वाटा आदिवासी तालुक्यांकडे वळवावा असं माझं स्पष्ट मत आहे. सगळ्या तालुक्यांना समान वाटप करणं सोपं असतं, त्यावर कुणी ओरडत नाही, पण ते न्याय्य नाही.

पालकांसाठी आणि शाळा व्यवस्थापन समितीसाठी एवढं: जुलैच्या सभेत विशेष शिक्षकांचं महिन्याचं वेळापत्रक मागा आणि ते सूचना फलकावर लावायला सांगा. भेटीच्या नोंदीत तारखेसोबत किती मिनिटं आणि कोणतं काम घेतलं हे लिहायला सांगा. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात युडायसमध्ये आपल्या मुलाचा प्रकार काय चढलाय ते मुख्याध्यापकांसमोर बसून बघा. आणि तालुक्याची मागणी जाण्याआधी सेल, मोल्ड, प्रवास, थेरपी यांची गरज ठरावात लिहून, इतिवृत्ताची प्रत गट साधन केंद्राला देऊन पोच घ्या. वर्षभर लिहिलेली मिनिटं त्या ठरावाला जोडा. दाद लागली नाही तर पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. त्यांच्याकडे जाताना ही पोच हातात असली पाहिजे, तोंडी तक्रारीवर तिथे फारसं पुढे सरकत नाही.