लेण्याद्रीचं तिकीट, लालिबेलातून पाहताना

माझं माहेर जुन्नरचं. लेण्याद्रीच्या तिकिटाचा विषय निघाला की घरच्या ग्रुपवर दोन तट पडतात. काका म्हणतात, गिरिजात्मजाच्या दर्शनाला पुरातत्त्व खात्याचं तिकीट कशाला? भाऊ म्हणतो, तो प्राचीन बौद्ध विहार आहे, जपायला पैसा लागतो. मी इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात राहते. लालिबेला पाहून आल्यापासून मी काकांच्या बाजूची झाले, पण माझं कारण त्यांच्यापेक्षा वेगळं आहे.

लालिबेला हे गाव इथिओपियाच्या उत्तरेकडच्या डोंगरात, सुमारे २,५०० मीटर उंचीवर. तिथली दगडात कोरलेली ११ चर्च परंपरेने झाग्वे घराण्यातल्या लालिबेला राजाची मानतात, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकातली. त्यातली काही वेरूळच्या कैलासासारखी वरून खाली कोरत आणलेली. बेते गियोर्गिस या चर्चला गेलं की आधी पायांच्या पातळीला क्रूसाच्या आकाराचं छप्पर दिसतं. अंगण बारा मीटर खाली. आपल्याकडे पांडवांनी एका रात्रीत लेणी कोरल्याचं सांगतात ना, तसे इथे रात्री देवदूत कामाला येत.

गेन्ना म्हणजे ७ जानेवारीचा ख्रिस्तजन्माचा सण. पांढरी नेतेला, म्हणजे सुती शाल, पांघरून माणसं दूरदूरच्या गावांतून पायी येतात. बेते मरियमच्या अंगणाभोवतीच्या कड्यावर पुजारी ओळीने उभे राहून गातात आणि खाली अंगणातली ओळ त्यांना साथ देते. मला वारीतला दिवेघाट आठवला. आत जाताना चपला बाहेर. तिकीट माझ्यासारख्या परदेशी पाहुण्याला. इथल्या यात्रेकरूला नाही. मी ते मनापासून दिलं.

पण तिथेही सगळं सुरळीत नाही. दगड मऊ, ज्वालामुखीचा, पावसाने झिजतो. म्हणून युरोपीय निधीतून २००८ च्या सुमारास काही चर्चवर पोलादी खांबांची मोठी छपरं उभारली. ती कोसळून चर्चच मोडतील या भीतीने २०१८ मध्ये गावकरी रस्त्यावर उतरले. पुढे युद्ध आलं, पर्यटक थांबले आणि त्यांच्यावर चालणारी कमाईही आटली. जतनाचा खर्च तिकिटावर सोपवणं किती धोक्याचं, ते मला तिथे कळलं. तो सरकारनेच उचलायला हवा, लेण्याद्रीतही.

काकांशी माझा मतभेद इथे आहे. लालिबेलात ज्यांनी कोरलं त्यांचाच धर्म आजही तिथे नांदतो. लेण्याद्रीत तसं नाही. सातव्या लेण्यात, आत एकही खांब नसलेल्या त्या प्रशस्त विहारात, गणपती नंतर आला. शेजारच्या सहाव्या चैत्यगृहात स्तूप आधीपासून आहे. भाविकाला तिकीट नको म्हणायचं, तर स्तूपापुढे हात जोडणाराही भाविकच. आमच्या घरातले बहुतेक जण इतकी वर्षं पायऱ्या चढून थेट सातव्यात जातात.

डिसेंबरात घरी येणार आहे. काकांना म्हटलंय, या वेळी आधी सहाव्यात जाऊ.