हात जोडले आणि दगड मारला

आज सकाळी आपल्या बडोद्यात, काळ्या घोड्याच्या पुलावर माझं डोकं फिरलं. अजून उतरलेलं नाही, म्हणून लिहितेय.

एका गृहस्थांनी निर्माल्याची गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी तशीच विश्वामित्रीत फेकली. मग नदीला हात जोडले. खाली काठावर मगर ऊन खात पडली होती. ती दिसताच शेजारच्या मुलाला म्हणाले, "मार, बघू हलते का!" पोराने दगड मारला. मी ओरडले, तर मलाच उत्तर मिळालं, "अहो बेन, मगरच तर आहे!"

मगरच तर आहे?

आप्पा होते तेव्हाची गोष्ट. मृगाचे पहिले पाऊस होऊन गेले होते. कमाटीबागेतून फिरून परतताना आप्पांनी माझा हात धरून मला कठड्याशी थांबवलं. खाली एक मादी दरड उकरत होती. अंड्यातली पिल्लं आतून साद घालतात आणि ती ऐकून आई माती उकरायला लागते, हे मला पुढे कळलं. तेव्हा दिसलं ते एवढंच: ज्या जबड्याची गावाला दहशत, त्याच जबड्यात वीतभर पिल्लं अलगद धरून ती पाण्याकडे निघाली होती. एकाला ओरखडा नाही. पुन्हा वर आली, पुन्हा नेली.

आप्पांनी तिथेच, भर पुलावर, चपला काढल्या.

मी पंढरपूरला गेलेय, पावागड चढलेय, घरचे कुळाचार आजही सांभाळते. पण अंगावर तसा काटा मला कुठल्याच गाभाऱ्यात आलेला नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी डायनासोर संपले, मगरींचं कूळ टिकलं. ते आपल्या शहराच्या मधोमध नांदतंय. २०२५च्या मोजणीत विश्वामित्रीत चारशेहून जास्त मगरी निघाल्या. दुसऱ्या कुठल्या शहराला हे भाग्य आहे? आणि आपण काय करतो, तर दगड मारतो!

खोडियार मातेचं वाहन मगर. नर्मदामैयाचंही मगर. तसबिरीतल्या मगरीला आपण कुंकू लावतो आणि जिवंत मगरीच्या अंगावर कचरा टाकतो. हिला भक्ती म्हणायचं?

हो, मगर माणसाला मारते. नदीकाठच्या गावांत ज्यांचं माणूस गेलं त्यांच्यासमोर मी हे बोलणार नाही. ऑगस्ट २०२४च्या पुरात मगरी अंगणापर्यंत आल्या, तेव्हा भीती मलाही वाटली. मान्य. पण आज पुलावर कोणाच्या जिवावर बेतलं होतं?

लिहिता लिहिता राग त्या पोरावरून निघून गेलाय. त्याचा काय दोष? त्याचा हात धरून त्याला कठड्याशी कोणी थांबवलंच नाही. मला आप्पा होते. चपला का काढल्या, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिथे विचारण्यासारखं काही नव्हतंच.

दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मंडळींनो, निर्माल्य घरच्या कुंडीत जिरवा, पिशवी नदीत टाकू नका. आणि जूनमध्ये पहिला पाऊस झाला की पोरांना घेऊन सकाळी पुलावर या. दुर्बीण मी आणीन. दरवेळी पिल्लं दिसतीलच असं नाही, पण मगर दिसेल. ज्यांना यायचंय त्यांनी खाली नाव लिहा, मी फोन करते.