खिशाला मशीन टेकवून पैसे कापले जातात? नाही!

परवा नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या जनरल स्टोअर्समध्ये नेहमीच्या एका काकूंनी डेबिट कार्ड काढलं, ते पोळीच्या फॉइलमध्ये गुंडाळलेलं. कारण विचारलं तर त्यांनी मोबाइलच पुढे केला. महिनाभरात मलाही चार ग्रुपांवर आलेला तोच मेसेज: ‘मेट्रोत, बसमध्ये चोर कार्डाचं मशीन घेऊन फिरतात. खिशाला टेकवलं की ५,००० रुपये गेले. कार्डाची कॉपी निघते. बँक काही परत देत नाही. कार्ड फॉइलमध्ये ठेवा.’

५,००० चा आकडा खरा आहे. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून पिनशिवाय टॅप करायची, म्हणजे कार्ड मशीनला नुसतं टेकवून पैसे द्यायची, मर्यादा २,००० वरून तिथवर वाढवली. त्या एका खऱ्या आकड्यामुळेच बाकीचं लोकांना पटतं.

पण चोर मशीन आणणार कुठून? मी दुकानासाठी घेतलं तेव्हा गुमास्ता (दुकानाचा परवाना), पॅन, बँकेचं खातं, दुकानाचा फोटो, सगळं द्यावं लागलं. खोट्या कागदांवर कुणी मिळवलंच, तरी पैसे हातात पडत नाहीत. ते त्या खात्यात जमा होतात, मला तर दुसऱ्या दिवशी मिळतात. तेवढ्यात तक्रार गेली की बँक ते अडवू शकते.

आणि अंतर? कार्डातल्या चिपला बॅटरी नसते, ती मशीनच्या लहरींवरच जागी होते. त्यासाठी कार्ड जेमतेम चार सेंटीमीटरवर हवं. काकूंच्या पर्समध्ये डेबिट कार्डाशेजारी मेट्रोचं महाकार्डही होतं. मी मशीनवर दहा रुपयांची रक्कम टाकली आणि अख्खी पर्स वर ठेवायला सांगितली. मशीनने एकच कार्ड धरा म्हटलं. दोनदा करून पाहिलं, दोन्हीदा तेच. बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत चालत्या माणसाच्या खिशावर हे कसं जमावं?

कॉपीची भीती जुन्या काळ्या पट्टीच्या कार्डांपासूनची आहे. ती पट्टी खरंच कॉपी व्हायची. चिप दर टॅपला नवा कोड बनवते, तो पुन्हा चालत नाही. कार्डामागचे तीन आकडे (सीव्हीव्ही) टॅपमधून जातच नाहीत.

बँकेबद्दलचं विधान मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ते वाचून माणूस तक्रारच करत नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात नियम केला: चूक तुमची नसेल आणि बँकेचा मेसेज आल्यावर तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर एक रुपयाचाही भार नाही. उशीर केला की तो वाढतो.

धोका आहे तो कार्ड हरवण्यात. ज्याला सापडेल तो ब्लॉक होईपर्यंत पिनशिवाय टॅप करू शकतो, आणि तिथे फॉइल काय करणार? २०२० पासून नव्या कार्डावर टॅपची सोय आपण चालू केल्याशिवाय चालत नाही, हवी तेव्हा बंदही करता येते. काकूंच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये आम्ही दोघांनी मिळून टॅपची मर्यादा ५०० केली. ब्लॉक करायचा नंबर त्यांनी पाकिटात नाही, घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला.