साहेब चांगला निघाला तर

कॉलेजच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा तेच सुरू झालं. एक मित्र हिंजवडीत डिलिव्हरी हेड आहे, त्याने लिहिलं की आजकालच्या पोरांवर विश्वास टाकायची सोयच राहिली नाही, घरून काम दिलं की झोपा काढतात, म्हणून त्यांच्या कंपनीने आता लॅपटॉपवर माऊस किती वेळ हलला ते मोजणारं सॉफ्टवेअर टाकलंय. त्यावर धडाधड अंगठे. मग कोणीतरी नारायण मूर्तींचे आठवड्याला ७० तास कामाचे काढले, कोणीतरी एल अँड टीच्या चेअरमनचे ९०, आणि एकाने वर लिहिलं की रिस्पेक्ट मागून मिळत नाही, कमवावा लागतो. कमवायचा कोणी, तर २२ वर्षांच्या पोराने. साहेबाने पण कमवावा हे एकालाही सुचलं नाही.

मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत काम करते. आमच्या मॅनेजरला असलं सॉफ्टवेअर टाकायचं मनात आलं तरी बेट्रिब्सराटच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या मंडळाच्या, संमतीशिवाय टाकता येणार नाही, कायदाच तसा आहे. ओव्हरटाइमचं तेच. कोणाला काढायचं असेल तर नोटीस द्यायच्या आधी बेट्रिब्सराटला कारण सांगून त्यांचं म्हणणं ऐकावं लागतं, नाहीतर ती नोटीसच बाद. तापाने आडवं पडलं की सकाळी एक मेल करायचा, आजार तीन दिवसांपुढे गेला तर डॉक्टरचं सर्टिफिकेट, आणि आजार काय आहे ते साहेबाला कळतही नाही. माझ्या भाच्याला पुण्यात थर्मामीटरचा फोटो पाठवायला सांगितला होता! इंजिनिअर झालेल्या माणसाला!

आणि हे लिहिलं की लगेच ठरलेलं उत्तर येतं, अगं त्यांचं कल्चरच वेगळं आहे. या वाक्याची मला खरंच चीड येते. १३ जानेवारी १९२० ला बर्लिनमध्ये संसदेसमोर बेट्रिब्सराटच्या कायद्यावरूनच कामगार जमले होते, गोळीबार झाला आणि ४२ माणसं गेली. पुढे नाझींनी १९३४ मध्ये ते सगळं मोडून मालकाला कारखान्याचा फ्यूरर, म्हणजे सर्वेसर्वा नेता, करून टाकलं, मग युद्धानंतर १९५२ मध्ये पुन्हा नवा कायदा. यात कल्चर कुठे आलं? भांडून मिळवलंय त्यांनी.

आणि आपण भांडलो नाही का? आपला रविवारच बघा ना. एल अँड टीचे चेअरमन म्हणाले होते की रविवारी तुमच्याकडून काम करून घेता येत नाही याची मला खंत वाटते. तो रविवार नारायण मेघाजी लोखंड्यांनी मिळवून दिलाय, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला माणूस. १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली, सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी कबूल केली. म्हणजे बर्लिनच्या त्या गोळीबाराच्या जवळजवळ ३० वर्षं आधी. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यात दिवसाला ९ च्या जागी १२ तासांना मंजुरी दिली, तेव्हा आमच्या ग्रुपवर एक अक्षर नाही. आम्ही मॅनेजमेंटवाले ना, कामगार म्हणजे दुसरे कोणीतरी.

मित्राने लगेच फोक्सवॅगन काढलं, ३५ हजार नोकऱ्या कमी करतायत, कुठे गेला तुमचा विश्वास. हो, करतायत. पण डिसेंबर २०२४ मध्ये युनियनसमोर बसून, २०३० पर्यंत हळूहळू आणि कोणालाही जबरदस्तीने न काढता असं ठरवून करतायत. शुक्रवारी संध्याकाळी एचआरचा कॉल आणि पाच मिनिटांत लॅपटॉप लॉक, असं नाही.

माझे पुण्यातले पहिले सर चांगले होते. बाबा आयसीयूत असताना ते रात्रभर ब्लड बँकेच्या रांगेत उभे राहिले, त्यांच्याबद्दल मी आजही वाकडा शब्द ऐकून घेणार नाही. पण तेच सर साडेसहाला निघणाऱ्या मुलीला सगळ्यांसमोर विचारायचे, काय मॅडम, आज हाफ डे का? मी त्यांची लाडकी होते म्हणून मला रक्त मिळालं आणि तिला टोमणा, आणि तिचं काम माझ्यापेक्षा कमी नव्हतं हे मला माहीत होतं. साहेब चांगला निघाला तर तो देव, नाही निघाला तर आपलं नशीब. यालाच आपण आपुलकी म्हणतो.

इकडे आईच्या ऑपरेशनला सुट्टी मागितली तर दोन मिनिटांत मिळाली, परत आल्यावर पण आई कशी आहे असं कोणी विचारलं नाही. खाजगी गोष्ट म्हणून. दुपारी जेवताना एकमेकांना माहल्त्साइट (जेवणाच्या वेळचा नमस्कार) म्हणतात, शेजारी बसून जेवतात, पण माझ्या मुलाचं नाव टीममध्ये कोणाला माहीत असेल असं वाटत नाही. इथे मला कोणी अपमानाने बोललेलं नाही, आणि तरी कधीकधी त्या ब्लड बँकेची आठवण येऊन घसा दाटून येतो. दोन्ही खरं आहे. तरीही आज कोणाच्या हाताखाली काम करशील असं विचारलं तर मी इथलंच सांगेन, आणि हे सांगताना मला बरं वाटत नाही.

भाच्याला मी सांगितलं, रोजचे तास लिहून ठेव आणि महिन्याच्या शेवटी मॅनेजरला साध्या शब्दांत मेल कर. ताई चिडली. म्हणाली, तू तिकडून त्याला भडकवू नकोस, त्याला इथे राहायचंय. ते मला फार लागलं, कारण तिथल्या माणसांत ती आता मला धरत नाही, आणि तिचं चूक आहे असं मला म्हणता आलं नाही. मेल मात्र त्याने केला. त्याच्या बॅचमधल्या अजून तिघांनी खाली आपापली नावं घातली आहेत.